अप्पांच्या मक्याचा सौदा

कोल्हापूरला जाऊन आले आणि मटणाचा तुकडा तोंडात घातला नाही, असं सांगितलं की आमच्या आळीतल्या बायका माझ्याकडे कीव करून बघतात. "मग गेलीस कशाला?" असं आमच्या ह्यांनी तर उघडच विचारलं. मका बघायला गेले होते, म्हटलं. त्यावर ते पेपर तोंडासमोर धरून हसले. हसू देत. रत्नागिरीच्या माणसाला भात, नारळ आणि मासा यांच्यापलीकडे जगात काही पिकतं हे पटवायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

बोलावणं सुनंदाचं होतं. कोल्हापुरात कॉलेजला असताना आम्ही दोघी वसतिगृहात एका खोलीत राहायचो. ती लग्न होऊन नृसिंहवाडीच्या अलीकडे एका जैन शेतकऱ्याच्या घरात पडली, मी समुद्राकडे परत आले. फेब्रुवारीत तिचा फोन. "कुमे, मक्याचा रवा काढायची मशीन घेतलीय. सोलते, पाखडते, रवा काढते. आणि आमचा मका निघतोय. ये की! का मेल्यावर येणार हाईस?" एवढं प्रेमाचं आमंत्रण कोण नाकारणार?

आंबा घाट ओलांडून

घाटापर्यंत हिरवं, घाट संपला की पिवळं. दुपारच्या उन्हात शाहूवाडीच्या माळावरून एसटी धावत होती आणि मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते. त्यात ओले काजूगर, कोकमं, आणि तळाशी माझ्या शाहूपुरीतल्या नणंदेसाठी सुकट. सुकट चार प्लॅस्टिकमध्ये बांधलेली. वासाला प्लॅस्टिक कधी अडवतं का? मलकापूरच्या पुढे शेजारची बाई नाकाला पदर लावून उठली आणि उभ्यानं प्रवास करू लागली. मला ऐसपैस जागा झाली, तेवढंच.

जैनांच्या घरात सुकट घेऊन शिरायचं कसं, हा विचार माझ्या डोक्यात गाव आल्यावर आला. सुनंदा फाटकात उभीच होती. तिनं पिशवी हुंगली, कपाळाला हात लावला आणि ते पुडकं अंगणाबाहेरच्या कडुलिंबाच्या फांदीला उंच बांधून टाकलं. तेवढ्यात तिचे सासरे, अप्पा, रानातून आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीत कुणी झोपलं असेल तर उठावं.

"काय वं पावणं, आला व्हय! बरं केलासा. आनि झाडाला काय बांदलंय?"

"नवस आहे माझा," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"असू द्या, असू द्या," म्हणून अप्पा हात जोडून आत गेले. झाडाखाली घरचं मांजर वर तोंड करून बसलं, ते पार मी निघेपर्यंत.

सूर्य मावळायच्या आत जेवण. आमच्याकडे त्या वेळेला चहाही झालेला नसतो. फाल्गुनातलं अष्टान्हिक पर्व चाललेलं, आठ दिवस रोज देवळात पूजा, त्यामुळे घरात नियम आणखी कडक. पण पानात जे आलं ते बघून माझी तक्रार जिभेवरच विरघळली. मक्याच्या जाडसर कण्या शिजवलेल्या, वर घरचं तूप, वाटीत ताक, बाजूला लसणाशिवायचा खर्डा. लसणाशिवाय खर्डा म्हणजे काय, असं मी मनात म्हटलं आणि पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुनंदाच्या सासूबाई, अव्वा, शांतपणे म्हणाल्या, "मिरची आमची हाय. तिला लसूण लागत न्हाय."

देवळातला सवाल

सकाळी देवळात गेलो. पूजेचा पहिला कलश कुणी घालायचा याचा तिथे सवाल होतो. म्हणजे बोली. जो सगळ्यांत जास्त बोलेल त्याला मान आणि त्याचा पैसा देवळाला. आमच्याकडे देवळात मानापानावरून भांडणं होतात, पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद होतं. इथे सरळ बोली लावतात आणि मोकळे होतात, ही पद्धत मला फार आवडली.

पुकारणारा उठला आणि अप्पांची मांडी हलायला लागली. समोरच्या खांबाजवळ एकानं आकडा बोलला. अप्पा त्याच्यावर. तो परत वर. अप्पा परत त्याच्यावर. मान खाली, डोळे मिटलेले, आणि प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा मोठा. शेवटी खांबाजवळच्यानं हात जोडले आणि सगळं देऊळ जयजयकारात बुडालं.

"दर वर्षी असंच," सुनंदा माझ्या कानात म्हणाली. "दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की आमच्या अप्पांना गप बसवतच न्हाय. नवीन चप्पल घेऊन देत न्हाईत स्वतःला. पण सवाल सोडणार न्हाईत."

रानात

मका कापून, कणसं सोलून, यंत्रातून दाणा काढून अंगणात वाळत घातला होता. माझ्या डोळ्यांना पिवळ्या रंगाचं सुख व्हावं असा मका. एकसारखा, केशरी छटेचा. अव्वा पायानं सारखे दाणे परतत होत्या आणि चालताना खसखस आवाज येत होता. अप्पांनी मूठभर दाणे माझ्या कानाशी खुळखुळवले.

"ऐकलासा? असा खणखणला की वाळला. बद्द वाजला की व्यापारी म्हणणार, ओल हाय, आनि भाव पाडणार."

मग त्यांनी मला रानात नेलं आणि बांधावर बसवून मक्याचं सगळं अर्थशास्त्र सांगितलं. मी ते इथे जमेल तसं देते. ऊस वर्षभर रान अडवून बसतो. ऊस गेला की मधल्या मोकळ्या रानात मका येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला उठतो. आता तो उठवायचा कसा, यातच खरी गंमत. दाणा चिकात असतानाच उभं पीक कापून दिलं, तर दूधवाले ते म्हशींच्या मुरघासाला, म्हणजे मुरवून ठेवायच्या वैरणीला, घेऊन जातात. पैसे हातोहात, पण दाणा हाती लागत नाही. दाणा ठेवला तर पाखरं, उंदीर, वारा आणि अवकाळी ढग यांच्याशी गाठ. पण मग वैरण घरच्या जनावरांना, दाणे काढलेली कणसं चुलीला आणि दाणा बाजारात. म्हणजे एका पिकाचे तीन वाटे.

"आणि दाणा कोण घेतं?"

"कोंबडीच्या खाद्यावाले घेत्यात, लई घेत्यात. पेंडवाले घेत्यात, स्टार्चच्या कारखान्यावाले घेत्यात. आता तर गाडीत घालायच्या तेलात बी मका जातो म्हनं."

"आणि माणसं?"

अप्पा हसले. "मानूस कनीस भाजून खातो की रंकाळ्यावर. तेवडाच."

नेमकं इथेच सुनंदाचं घोडं अडलं होतं. माणसांनी मका खावा म्हणून तिनं ती मशीन आणली होती. शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं तिचा रवा ठेवायची तयारी दाखवली होती, पण बाजारातून आणलेल्या मक्यात खडे निघाले आणि रंग चार प्रकारचे. तो म्हणाला, एका रानाचा, एका रंगाचा माल आणा, मगच फळीवर ठेवतो. एका रानाचा मका तर तिच्या अंगणातच पडला होता! तिनं अप्पांना मागितला. अप्पा नाही म्हणाले. तिची मशीन गोठ्याशेजारच्या खोलीत चादर पांघरून बसली होती.

"का हो नाही देत?" मी बांधावरच विचारलं. मला पोटात ठेवता येत नाही, हे आमच्या घरच्यांना ठाऊक आहे.

"कुटल्या भावानं द्यायचा सांगा की. सुनंकडनं जास्त घेतलं तर गाव हसंल. कमी घेतलं तर मी शेतकरी कसला? घरात भाव ठरत न्हाय, पावणं. भाव बाजारात ठरतो."

"पण बाजारात गेला की गेलाच ना तो!"

"मग काय करू?" अप्पा म्हणाले आणि उठले. दुसऱ्या दिवशी मका बाजारात जायचा होता.

आणखी एक गोष्ट सुनंदानं सांगितली. अप्पांनी एका महाराजांसमोर नियम घेतलेला, आपला मका कोंबडीच्या खाद्याला द्यायचा नाही. शेवटी ती सुरीखालीच जाते म्हणून. गावातले बाकीचे खुशाल देतात. अप्पा एकटेच स्टार्चवाल्याची नाहीतर पेंडवाल्याची वाट बघत बसतात.

सौदा

ट्रॉलीत पोती, पोत्यांवर अप्पा, ट्रॅक्टरवर सुनंदाचा नवरा महावीर, आणि मागून स्कूटरवर आम्ही दोघी. सुनंदाची नजर वाटभर त्या पोत्यांवर. मार्केट यार्डात अडत्याच्या गाळ्यासमोर मक्याचे ढीग ओतले होते. अप्पांचा ढीग सगळ्यांत देखणा होता, हे मी पाहुणी म्हणून सांगत नाही.

व्यापारी आले. एकानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, एकानं दाणा दाताखाली कडकन फोडला, एकानं ओल मोजायचं यंत्र लावलं. तिघांनीही तोंडं अशी केली की जणू हा मका घेऊन ते अप्पांवर उपकारच करणार आहेत. बाजार करताना मीही मासळीवालीसमोर हेच तोंड करते, म्हणून ओळखलं.

अडत्यानं सौदा पुकारला. पेंडवाला लवकर गळाला. मग स्टार्चवाला आणि कोंबडी-खाद्यवाला दोघंच उरले. अप्पा खांबाला टेकून उभे होते आणि स्टार्चवाल्याच्या प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते. कोंबडीवाला गॉगल लावलेला तरुण माणूस, घाई नसलेला. स्टार्चवाला बोलला की हा सहज थोडं वर. तीन-चारदा असं झालं. स्टार्चवाल्यानं डोकं हलवलं आणि फोन काढून बाजूला गेला.

"एक वार!" अडत्या ओरडला. "दोन वार!"

मी अप्पांकडे बघत होते. डोळे मिटलेले, मान खाली. त्यांचा गुडघा हलायला लागला. अगो बाई, मी मनात म्हटलं, हे देवळात बघितलंय मी!

आणि अप्पांनी खणखणीत आवाजात आकडा बोलला. कोंबडीवाल्याच्या वर.

सगळा यार्ड थांबला. हमालाच्या पाठीवरचं पोतं तसंच राहिलं. कोंबडीवाल्यानं गॉगल वर केला, हे कोण नवीन गिऱ्हाईक म्हणून बघितलं आणि वर बोलला. अप्पा त्याच्यावर. तो त्याच्यावर. अप्पा आणखी जोरात! महावीर ट्रॅक्टरवरून ओरडला, "अप्पा, मका आपला हाय!" पण कुणाच्या कानात काय शिरतंय? शेवटी कोंबडीवाल्यानं हात जोडले, अगदी त्या खांबाजवळच्या माणसासारखे, आणि अप्पांनी सवयीनं टोपी सारखी केली.

"तीन वार," अडत्या हसू दाबत म्हणाला. "माल अप्पांचा. म्हंजे अप्पांनी अप्पांचा घेतला!"

मग जे हसणं फुटलं! हमाल पोती टाकून हसत होते. कोंबडीवाला पोट धरून खाली बसला. अप्पांना काय झालं ते कळायला क्षण लागला, आणि कळल्यावर कान लाल झाले.

"ऱ्हाऊ दे अप्पा," अडत्या म्हणाला, "गंमत झाली म्हनू. परत पुकारतो."

"का म्हनून?" अप्पा गरजले. "सवाल बोलला की बोलला. माघार न्हाय. भरा पोती."

भरली. तोलाई, हमाली, अडत, जे काय असेल ते अप्पांनी स्वतःच्या मक्यावर स्वतःच्या खिशातून मोजलं आणि मका परत त्याच ट्रॉलीत चढला. सुनंदा माझ्या शेजारी पदर तोंडात कोंबून उभी होती. हसत होती की रडत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

परतताना

रस्त्यात रसवंतीवर थांबलो. अप्पा बाकावर एकटेच बसले होते. मला राहवेना. म्हणून मी तोंड उघडलं.

"अप्पा, तुम्ही नुसतं 'नाही विकायचा' म्हणाला असतात तरी चाललं असतं ना? शेतकऱ्याला हक्क असतो म्हणे."

अप्पांनी रसाचा ग्लास खाली ठेवला.

"त्या येळंला सुचलंच न्हाय की!" ते म्हणाले, आणि स्वतःच एवढ्यानं हसले की रसवंतीवाला दचकला. मग आम्हीही सुटलो. हसता हसता सुनंदानं हळूच विषय काढला.

"अप्पा, आता भाव बाजारातच ठरला की न्हाई? मग त्याच भावानं मी घेते."

"कुटल्या? माझ्या? येडी हाईस काय! त्यो भाव मी इरेला पडून बोललो. शाना मानूस त्या भावानं मका घेत न्हाय." अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचार केला. "कोंबडीवाला जितं थांबला त्यो खरा भाव. परक्या मानसानं डोकं शांत ठेवून लावलेला. त्या भावानं घे. गाव हसनार न्हाय, आनि रानबी रागावनार न्हाय."

"आणि हमाली, तोलाई?"

"ती माझ्या तोंडाची किंमत. माझी मी भरीन."

सुनंदा वाकून त्यांच्या पाया पडली, तिथेच, उसाच्या चिपाडात. "उट, उट, लोक बगत्यात," अप्पा म्हणाले. लोक सकाळपासून बघतच होते, पण ते मी बोलले नाही.

शाहूपुरी

त्याच संध्याकाळी मशीनवरची चादर निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रवा तयार. हाताला कोरडा, मोकळा, हळदीसारखा पिवळा. पुड्या बांधून आम्ही शाहूपुरीला निघालो. अप्पा म्हणाले, "मीबी येतो." सुनंदाचा चेहरा पडला. दुकानदार भाव सांगणार आणि अप्पा त्याच्यावर बोलणार, हे तिला दिसत होतं. म्हणून दुकानाच्या पायरीवर तिनं पिशवीतून कवठाच्या बर्फीचा मोठा तुकडा काढला आणि सासऱ्यांच्या हातात दिला. "अप्पा, तोंडात ठेवा. चावू नका. आपोआप विरघळू द्या."

दुकानदारानं रवा तळहातावर पसरला, फुंकर मारली, बोटांत चोळला. "हळद घातलीसा काय वो?"

"रंग रानाचा हाय," सुनंदा म्हणाली.

त्यानं आतून बायकोला हाक मारली, रव्याची पुडी दिली, आणि आम्ही बाकावर बसून राहिलो. सुनंदाची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. अप्पांच्या गालात बर्फी फुगलेली. थोड्या वेळानं आतून सांज्याची बशी आली. दुकानदारानं खाल्ला. परत खाल्ला. मग बशी चाटूनपुसून ठेवली आणि म्हणाला, "असाच येत ऱ्हायला तर ठेवतो. खडा निघाला तर बंद." आणि भाव सांगितला.

अप्पांचा गुडघा हलला. सुनंदानं त्यांच्याकडे असं बघितलं की गुडघा जागच्या जागी थांबला. मग तिनंच घासाघीस केली, हळू आवाजात, थोडं सोडत थोडं धरत, आणि भाव आपल्याला हवा तिथे आणून ठेवला. बाहेर आल्यावर अप्पा बर्फी गिळून म्हणाले, "मला न्हाय जमत ह्ये. वर जायला येतंय, खाली उतरायला येत न्हाय."

जाता जाता नणंदेकडे डोकावले. सुकट मात्र अजून कडुलिंबावरच. विसरले होते, दुसरं काय! नणंदेनं चहा दिला, पण साखर कमी घातली.

निघताना

पर्वाचा शेवटचा दिवस होता. बॅग भरून देवळात गेले. यार्डातली कहाणी आमच्या आधी देवळात पोचली होती. अप्पा आत शिरले तशी माणसं तोंडावर हात घेऊन हसत होती. कलशाचा सवाल झाला. अप्पा बोललेच नाहीत. अभिषेक झाला, पूजा झाली. खांबाजवळचा माणूस सारखा वळून वळून बघत होता, बिचाऱ्याला करमेना.

मग मंगल आरतीचा सवाल निघाला. अप्पांनी डोळे मिटले. गुडघा हलला. खांबाजवळच्याचा चेहरा खुलला आणि दोघांची जुंपली. त्या दिवशी अप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. जयजयकार झाला. पुकारणाऱ्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, "नाव अप्पांचंच न्हवं?"

"न्हाय," अप्पा म्हणाले. "सुनंदाचं. आमच्या सुनंचं. रव्याच्या मशीनवाल्या."

मागून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, बगा हं, आरती तुमच्याच घरची हाय!" देऊळ हसलं. अप्पाही हसले. सुनंदा उठली, पदर नीट केला आणि बायकांच्या रांगेतून पुढे गेली. आरतीचं जड ताट तिनं दोन्ही हातांनी उचललं. अव्वांनी पुढे होऊन ताटाला खालून हात लावला. मला डोळे पुसायला माझाच पदर पुरेना.

स्टँडवर सोडायला अप्पा स्वतः आले. माझ्या हातात रव्याच्या पुड्या आणि कडुलिंबावरून काढलेलं ते पुडकं. एसटी सुटता सुटता ते खिडकीशी आले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"पावणं, नवस पावला बगा तुमचा. मांजर लई भक्तीनं बसलं हुतं."

काल सकाळी तो रवा भाजला. ओलं खोबरं घातलं, कारण ते घातल्याशिवाय माझा हातच पुढे जात नाही. आमच्या ह्यांनी दोनदा मागून घेतला आणि बशी पुढे करत विचारलं, "आणखी आहे का गो?"

संपलाय, म्हटलं. हवा असेल तर शाहूपुरीत मिळतो.